बाद मतं

माझा धंदा भिंती रंगवण्याचा.
आयाविरीहून वर जाणाऱ्या रस्त्याला तोंड असलेली
एकेक मातीची भिंत मला पाठ आहे.

निवडणूक आली की लीमाहून हिलारियो येतो,
उंचीवरच्या विरळ हवेनं डोकं धरून बसलेला,
हातात चिन्हाचा कागद. यंदा किटली.
मागच्या खेपेला शिडी, त्याआधी मक्याचं कणीस.
पक्ष बदललास का रे? मी विचारतो.
पक्ष कुठला, म्हणतो, परवाना बदलला.
जुना दुसऱ्यांनी भाड्यानं घेतलाय.

सगळ्यात मोक्याची भिंत सिप्रियाना वायकानीची.
ती दोन पोती सिमेंट घेते
आणि रंग वाळायच्या आत ऐकवते,
सगळे एकाच माळेचे मणी.
मार्चमध्ये गारा पडल्या, पोपडे उडाले
(रंगात पाणी मीच जास्त घातलं होतं).
किटलीखालून शिडीच्या दोन पायऱ्या आल्या,
पायऱ्यांखालून कणसाची मिशी,
आणि खाली कोपऱ्यात, निळ्या चुन्यात,
माझ्या बापाचं अक्षर:
सभा. गुरुवारी. दिवेलागणीला.

ते टेबल आठवतं. एक पाय आखूड,
खाली घडी करून घातलेला कागद.
माणशी एक नाणं, मूठभर वाळवलेले बटाटे,
आणि बाराच नाण्यांच्या हिशेबावरून
मध्यरात्रीपर्यंत भांडण, तेही इतिवृत्तात लिहून.
हुस्तिना उभी राहिली एकदा,
महापौराला म्हणाली, आमची मेंढी परत दे.
महापौर आमच्यातलाच, त्याच बाकावर वाढलेला.
तिसऱ्या दिवशी मेंढी दारात.
आता कुणाच्या तोंडावर बोलणार?
हिलारियोचा फोनही निवडणुकीनंतर लागत नाही.

मग एका वर्षी यादीच वरून आली.
एकही नाव ओळखीचं नाही.
बाप यादी दोनदा वाचून गप्प बसला.
सभागृहाची किल्ली बरेच दिवस आमच्या खुंटीला होती,
पुढे कुठे गेली कुणास ठाऊक.
परवा कचेरीत कळलं, बाप किटलीचा सभासद आहे.
सही आहे, अंगठा आहे.
अकरा वर्षं झाली त्याला पुरून,
आणि इतकं वळणदार तो जन्मात कधी लिहिला नाही.

रविवारी चिठ्ठीत माझं नाव निघालं,
तिसरीच्या वर्गात केंद्रप्रमुख म्हणून बसलो.
न येणाऱ्याला दंड, म्हणून सगळे आले,
बोटाला शाई लावून घेतली, आल्या पावली गेले.
रात्री मोजणी. किटली एकेचाळीस. घुबड अडतीस.
बाद सत्त्याण्णव.
कुणी आडवी रेघ मारलेली, कुणी आईवरून शिवी,
कुणी नुसतंच पेन इतकं दाबलेलं की भोक पडलं.

शेवटच्या पत्रिकेवर टेबल काढलेलं.
चार पाय, एक आखूड,
आणि त्याखाली बारीकशी घडी.

किटलीचा प्रतिनिधी, दिवसाच्या रोजावर आलेला पोरगा,
मान लांब करून म्हणाला,
हे कुठल्या पक्षाचं चिन्ह?
मी म्हणालो, बाद.
अठ्ठ्याण्णव लिहिलं.
रेघ थरथरती होती, म्हाताऱ्या हाताची,
पण कोन चुकला नव्हता.
मोजणीनंतर सगळ्या पत्रिका फाडायच्या असतात.
ती मी सगळ्यात शेवटी फाडली.

आज सकाळी हिलारियोचा फोन.
दुसऱ्या फेरीत आपण घुबडाबरोबर,
किटली पुसून टाक, कोपऱ्यापर्यंत,
पैसे मीटरवर.
सिप्रियानाला विचारलं, खालचं अक्षर ठेवू का?
ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.
तुझ्या बापाचं आहे, म्हणाली, तूच बघ.

मी बघितलं.
मग मीटर भरायचे म्हणून त्यावरूनही कुंचला फिरवला,
पांढरा, पुन्हा पाणी जास्त घातलेला.
या थंडीत वाळायला दोन दिवस लागतील.
आज मंगळवार.